जर्मन कुटुंबाशी महिनाभर घराची अदलाबदल : तयारी काय करावी?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): मे महिन्यात आमचा फ्लॅट त्यांना, त्यांचा आम्हाला. कागदपत्रं आणि रोजच्या सवयी, दोन्हींबद्दल सांगा.

उत्तर १: आधी परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी, २०२५ पासून फॉर्म III). परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत तो ऑनलाइन भरायचा, जबाबदारी घरमालकाची. तुम्ही तेव्हा बाहेर असणार, म्हणून लॉगिन आत्ताच काढा, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती मागवून ठेवा. सोसायटीला लेखी कळवा.

उत्तर २: तिकडे रात्री १० ते सकाळी ६ शांतता कटाक्षाने पाळतात, रविवारी ड्रिल अजिबात नको. अनामतीच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातल्या की बहुतेक प्लास्टिक बाटल्यांचे २५ सेंट परत मिळतात.

फोडणी जपून! तेलाचा धूर निघाला की स्मोक अलार्म बोंबलतो. आच मध्यम, खिडकी उघडी, मोहरी तडतडली की लगेच झाकण. शेगडी इंडक्शन आहे का विचारा; साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही.

उत्तर ३: त्यांच्यासाठी सिलिंडरजवळच चिठ्ठी लावा : रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवला की बंद, गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या. घंटागाडीची वेळ शेजारच्या काकूंनाच सांगायला लावा.