तिकीट टू राइड: दोन डब्यांवरून घरात अबोला, मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न खेळाचा आहे, पण उत्तर शनिवारच्या आत हवं. शनिवारी पुन्हा सगळे आमच्याकडे जमणार आहेत आणि माझ्या दोस्तावरून बायको म्हणते, "तो येणार असेल तर मी महालात जाते." महाल म्हणजे नागपुरातली वस्ती, तिचं माहेर. आम्ही राहतो त्रिमूर्तीनगरला, त्यामुळे धमकी तशी रिक्षाच्या अंतराची आहे. पण सांबारवडी तीच करते. ती गेली की वड्याही गेल्या.

खेळ तिकीट टू राइड, अमेरिकेच्या नकाशाचा, २००४ सालचा मूळ संच. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला आपापल्या रंगाचे ४५ छोटे प्लास्टिकचे रेल्वेचे डबे मिळतात. रंगीत पत्ते गोळा करायचे आणि त्या रंगाची लाईन आपले डबे लावून ताब्यात घ्यायची. प्रत्येकाकडे गुप्त तिकिटं असतात, अमुक शहर ते तमुक शहर. जोडलं तर तेवढे गुण मिळतात, नाही जोडलं तर तेवढेच कापले जातात. लाईन जितकी लांब तितका भाव चढा: दोन डब्यांना २ गुण, सहा डब्यांना १५.

गेल्या शनिवारी आम्ही पाच जण होतो: मी, बायको, माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याची बायको आणि सहावीतली माझी भाची. बायकोकडे लॉस एंजेलिस ते मायामी हे २० गुणांचं तिकीट होतं. तिने लॉस एंजेलिस ते एल पासो सहा काळे पत्ते लावले, एल पासो ते ह्यूस्टन सहा हिरवे लावले. पुढे ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स फक्त दोन डब्यांची लाईन, मग लाल सहा आणि मायामी. लाल पत्तेही तिने जमवत आणले होते. तेवढ्यात दोस्ताने शांतपणे वडीचा तुकडा तोंडात टाकला आणि ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्सवर आपले दोन पिवळे डबे ठेवले. त्याला तिथे काही काम नव्हतं. तिने विचारलं, "भाऊजी, हे काहून?" तर म्हणतो, "वहिनी, तुमची नजर मघापासून मायामीवरच फिरून राहिली ना."

ती डलास, लिटल रॉक असा वळसा घालत न्यू ऑर्लिन्सला पोचली, पण मायामीच्या आत खेळ संपला. २० मिळायचे ते २० कापले गेले. जिंकली भाची. बायको तिच्यापेक्षा ३१ गुणांनी मागे. दोस्त चौथा, हे विशेष.

तर प्रश्न असा: कामाची नसलेली लाईन केवळ दुसऱ्याला अडवायला घेणं चालतं का? आणि चालत असेल तर घरात खेळताना ते बंद कसं करायचं, की दोस्तालाच बंद करायचं?

उपप्रश्न: संचात पाचच रंग आहेत आणि आता बाबांनाही खेळायचं आहे. रेल्वेतून रिटायर झालेत, परवा खुर्चीत बसून सगळ्यांच्या गाड्या तेच चालवत होते. "अबे ह्यूस्टन बंद आहे तर डलासवरून फिरव ना! भुसावळ लाईन बंद पडली की आम्ही इटारसी-खंडव्यावरून नेतच होतो." वळशाची कल्पना त्यांचीच.

मोरभवन लोकल
चालतं. अडवायला बंदी करणारा नियमच नाही. पण तुमच्या दोस्ताला हिशोब कळत नाही. पाच जणांत एकाला अडवायला त्याने स्वतःचा एक चान्स घालवला, मिळाले २ गुण. वहिनींचं नुकसान झालं, त्याचंही झालं, फायदा उरलेल्या तिघांचा. म्हणून भाची जिंकली. दोघंच खेळत असता तर गोष्ट वेगळी. त्याला हे सांगा, पुढच्या वेळी आपणहून थांबेल.

कोरा पत्ता
वहिनींची चूकही सांगतो, रागावू नका. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स करडी लाईन आहे, म्हणजे कुठल्याही एका रंगाचे दोन पत्ते चालतात, आणि ती एकेरी आहे, शेजारी दुसरी समांतर लाईन नाही. अशी स्वस्त, एकेरी, आखूड लाईन कोणीही सहज उचलतो. ती आधी घ्यायची. सहा डब्यांच्या लाईनींना सहा पत्ते लागतात, त्या बऱ्याचदा शेवटपर्यंत मोकळ्या पडून असतात. आम्ही उलटं करतो, मोठे गुण दिसले की धावतो.

फारच भांडणं होत असतील तर युरोपचा नकाशा घ्या, २००५ चा. त्यात प्रत्येकाला तीन स्टेशनं मिळतात. कोणी लाईन अडवली की शहरावर स्टेशन ठेवायचं आणि त्याची एक लाईन आपल्या तिकिटासाठी वापरायची. न वापरलेल्या प्रत्येक स्टेशनाचे शेवटी ४ गुण मिळतात. लग्न टिकतात.

उन्हाळी सुट्टी
एप्रिलमध्ये कुलर चालू ठेवून पत्त्यांचा खेळ? आमच्याकडे तर हवेने पत्ते उडतात.

धागाकर्ता
@उन्हाळी सुट्टी, बंदच ठेवतो. परवा साडेनऊला पण चाळीसच्या आसपास असेल. भाचीने गड्डीवर अडकित्ता ठेवून कुलर लावून पाहिला, तर पटावरचे डबेच सरकले.

उन्हाळी सुट्टी
मग डोकी तापणारच की हो.

पाचवा रंग
बाबांना भाचीबरोबर जोडीने एका रंगावर बसवा. तिकिटं दोघांनी कुजबुजत ठरवायची. आमच्या आईला असंच घेतलं, आता ती आम्हाला डबा उघडायला लावते.

पण मला दुसरीच शंका येतेय. "मायामीच्या आत खेळ संपला" म्हणजे नेमका कसा संपला? आणि तेव्हा वहिनींच्या हातात लाल पत्ते किती होते?

धागाकर्ता
दोस्ताकडे तीनच डबे उरले होते, ते त्याने एकदम लावले. संपले, म्हणून खेळ संपला. लाल सहाच्या सहा होते हातात, तेच तर दुःख आहे.

पाचवा रंग
भाऊ, तिथे खेळ संपत नाही. एखाद्याचा चान्स झाल्यावर त्याच्याकडे दोन किंवा कमी डबे उरले की प्रत्येकाला, त्यालाही, शेवटचा एक-एक चान्स मिळतो. मग मोजणी. वहिनी न्यू ऑर्लिन्सला पोचल्या होत्या, हातात सहा लाल. एका चान्समध्ये मायामी. कापलेले २० सुटले, वर २० मिळाले आणि लाईनचे १५. एकूण ५५ गुणांचा फरक.

मोरभवन लोकल
अरे बापरे. म्हणजे दोस्त सुटला.

धागाकर्ता
पुस्तिका काढून वाचली. तसंच लिहिलंय, आणि मी ती कधी उघडलीच नव्हती. नियम मला चुलतभावाने फोनवर सांगितले होते, मी बाकीच्यांना सांगितले. भाचीलाही एक चान्स मिळाला असता, म्हणजे बायको नक्की जिंकलीच असती असं नाही, पण ३१ ची तूट तर फिटलीच असती.

दोस्ताला फोन केला. थोडा वेळ गप्प होता. मग, "म्हणजे मी आठवडाभर शिव्या खाऊन राहिलो ते तुझ्या पायी?" त्याला आता वेगळी प्लेट हवी आहे वड्यांची.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "सिग्नल न पाहता गाडी सोडली तू," आणि परत पेपर उघडला.

बायकोला अजून कोणी सांगितलेलं नाही. भाची सांगायला तयार आहे, पण तिला पुढच्या खेळात पिवळा रंग हवा आणि जोडीला बाबा नकोत. धागा बंद करू नका, शनिवारी रात्री लागेल.