जॉर्जिया ओव्हरड्राइव्ह म्हणजे न्यूट्रल

कोणीतरी 'जॉर्जिया ओव्हरड्राइव्ह' हा ट्रकचा सगळ्यात वरचा, डिझेल वाचवणारा गिअर असं लिहिलंय. या नावाचा गिअर गिअरबॉक्समध्ये नसतोच. उतारावर न्यूट्रल टाकून ट्रक मोकळा सोडायचा, याला अमेरिकन ट्रकवाले तसं म्हणतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हे बेकायदा आहे. आपल्या बोरघाटातही हाच प्रकार चालतो आणि तो तितकाच जिवावरचा आहे.

डिझेलही वाचत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय 'जेक ब्रेक' निकामी होतो. तो दाबलेली हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सोडून इंजिनालाच ब्रेक बनवतो, पण न्यूट्रलमध्ये चाकं इंजिनापासून तुटलेली असतात. सगळा भार ब्रेक ड्रमवर येतो, ड्रम तापून फुगतो, ड्रमला घासणाऱ्या लायनिंगची पकड जाते. तेव्हा परत गिअर टाकू म्हटलं तरी बसत नाही, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच जड ट्रकांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोनायझर (गिअर टाकताना वेग जुळवून देणारा भाग) नसतो आणि त्या वेगाला जुळण्याइतके आरपीएम (मिनिटाला फेरे) इंजिन देऊच शकत नाही. म्हणून गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच खाली आणायचा. उतारासाठी ठरवलेला सुरक्षित वेग गाठला की ब्रेक ठाम दाबून तो ताशी 8 किमीने उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. वेग परत तिथवर चढला की पुन्हा तसंच. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये.