थंडीतल्या शिकारीसाठी लोकरीचे आतले कपडे कुठले घ्यावेत? चालताना घाम, बसल्यावर हुडहुडी

गारठलेला_गडी
मंडळी, जरा सल्ला हवाय. हरणाच्या शिकारीला जातो, परवाना, हंगाम सगळं रीतसर आहे त्यामुळे कृपया त्यावरून वाद नको. प्रश्न कपड्यांचा आहे. पहाटे अंधारात तासभर चढ चढून मचाणापर्यंत जायचं आणि मग तिथे तीन-चार तास ढिम्म बसायचं. तापमान उणे ५ ते उणे १५ च्या मधे कुठेतरी. सध्या आत कॉटनचं जाड थर्मल, त्यावर फ्लीस, वर जॅकेट. चढताना घामाच्या धारा लागतात आणि बसलं की थोड्याच वेळात पाठ गार पडते, मग जी हुडहुडी भरते ती काही जात नाही, हरीण समोर आलं तरी नेम धरता येणार नाही अशी अवस्था. सगळे म्हणतात मेरिनो (मेरिनो मेंढीची बारीक, मऊ लोकर) घे, पण बघायला गेलो तर १५०, २००, २६०, ४०० असले आकडे, कुठे १०० टक्के लोकर तर कुठे नायलॉन मिक्स, डोकं चक्रावलं. एकदाचं सगळ्यात जाड घेऊन टाकू का? आणि हो, लोकर मला टोचते, लहानपणच्या स्वेटरपासूनचं वैर आहे ते.

मचाणवाला
सगळ्यात जाड अजिबात नको. तुमचा त्रास थंडीपेक्षा घामाचा जास्त आहे. कॉटन पाणी धरून बसतं, ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि धाग्यांमधली हवा जाते, आणि ऊब म्हणजे शेवटी ती अडकलेली हवाच. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेते तरी हाताला चिंब लागत नाही. वाफ शोषताना ती थोडी उष्णताही सोडते, हे खरंच होतं, जाहिरातवाल्यांची थाप नाही, पण तेवढ्या भरवशावर कोणी मचाणावर बसू नये.
ते आकडे म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १५० पातळ, २०० मधलं, २५०-२६० जाड. तुम्ही चढून जाताय म्हणून वरच्या अंगाला १५० नाहीतर २००. पायांना मात्र २५० चालेल, कारण पाठीएवढा घाम मांड्यांना येत नाही आणि तिथे पोचल्यावर पँट काढून आत अजून एक थर चढवायचा म्हणजे मचाणाखाली सर्कस होते.
पण खरी मेख कपड्यात नाही, जाण्याच्या पद्धतीत आहे. निघताना थंडी वाजलीच पाहिजे, नाही वाजली तर तुम्ही जास्त घातलंय. आतला टॉप आणि वर एखादं पातळ वारा अडवणारं, बाकी सगळं सॅकमधे, आणि वेग इतकाच की धाप लागणार नाही. पोचलात की उभ्या उभ्या अंगातली वाफ जाऊ द्या, ओला टॉप काढा, कोरडा दुसरा घाला, मग फ्लीस, मग जाड जॅकेट. उघड्या अंगाने उभं राहायचं ते अर्धं मिनिट जिवावर येतं, पण पुढचे तीन तास त्यातच सुटतात. ओला टॉप प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, नाहीतर सॅकमधलं बाकी सगळं दमट होतं.

सूतकताई
टोचण्याबद्दल मी सांगते. लोकर टोचते ती लोकर आहे म्हणून नाही तर तंतू जाड आहे म्हणून. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचा तंतू कातडीला टेकला की वाकत नाही, टोक रुतवतो. चांगल्या मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा असतो, तो टेकल्या टेकल्या वाकतो. तुमचं वैर जुनं आहे त्यामुळे १८.५ किंवा त्याच्या आतलं बघा, आणि नुसतं 'मेरिनो' लिहिलंय पण मायक्रॉनचा पत्ता नाही असं असेल तर आधी गळ्याला घासून बघा. हाताला मऊ लागलेलं कापड गळ्याला टोचू शकतं, तळव्याच्या कातडीवर विसंबू नका.
याची दुसरी बाजू म्हणजे तंतू बारीक तर कापड नाजूक. १५० चं निव्वळ लोकरीचं टॉप उजेडासमोर धरलं की पलीकडचं दिसतं, आणि सॅकचे पट्टे नि बेल्ट जिथे घासतात तिथे आधी भोकं पडतात. म्हणून पातळ घेणार असाल तर १०-१५ टक्के नायलॉन असलेलं घ्या, त्यात कमीपणा काही नाही. काही कापडांत नायलॉनचा धागा मधे आणि लोकर त्याच्याभोवती गुंडाळलेली असते, म्हणजे अंगाला लोकरच लागते. शिवणी चपट्या हव्यात आणि खांद्यावरची शिवण पट्ट्याखाली न येता थोडी पुढे सरकलेली हवी. गळ्याला चेन असेल तर उत्तम, चढताना छातीपर्यंत उघडता येते. मागून लांब हवं, वाकलं की कंबर उघडी पडायला नको. आणि मापाला अंगासरशी, कारण ढगळ असलं की घाम कातडीवरच राहतो, कापडात जातच नाही.

पॉलीवाला
सगळे लोकरीचे भक्त जमलेत म्हणून विरोधी पक्षातर्फे दोन शब्द :) पॉलिएस्टर ओल जवळजवळ पितच नाही, १ टक्क्याच्याही आत, त्यामुळे वाळतं फटाफट. माग काढत दिवसभर चालणाऱ्या माणसाला पातळ पॉलिएस्टर झकास, टिकतंही जास्त आणि खिशालाही हलकं. लोकर एकदा पूर्ण भिजली की वाळायला युगं लागतात हे कोणी सांगत नाही. माझं म्हणणं, चढताना पॉली घाला, वर जाऊन लोकर घाला. दोन्ही पक्ष खूश.

मचाणवाला
@पॉलीवाला, ही आयडिया खरंच चांगली आहे, अनुमोदन. फक्त पॉलीचा वास दुसऱ्या दिवशी तंबूतल्या लोकांना विचारा. लोकर वासाचे कण तंतूच्या आत धरून ठेवते म्हणून सलग काही दिवस घालता येते. पण याचा अर्थ हरणाला तुमचा वास येणार नाही असा कोणी काढू नये, अंगावर काहीही असो, वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर खेळ खलास. लोकरीचा शिकाऱ्याला खरा फायदा आवाजाचा आहे, हात उचलला तरी सळसळ होत नाही, आणि बाहेरचं जॅकेट काढून ठेवलंत तर तो फरक चांगलाच कळतो.

लपणातली_बाई
मी शिकार करत नाही, पक्ष्यांचे फोटो काढते, पण लपणात न हलता बसायचं म्हणजे दुःख तेच. बसण्यासाठी दोन गोष्टी सुचवते. एक, स्वीडनच्या वूलपॉवरचं ४०० वालं, त्याला आतून टॉवेलसारखे फासे असतात, त्यात हवा मस्त अडकते. लोकर त्यात साधारण ६० टक्केच आहे, बाकी सिंथेटिक. ते पहिला थर म्हणून घालून चढू नका, पोचल्यावर पातळ टॉपवर चढवा. दोन, नॉर्वेच्या ब्रिन्येची जाळीची बनियन. दिसायला कोळ्याचं जाळं अंगावर घेतल्यासारखं दिसतं, घरचे हसतात, हसू द्या. भोकांमधली हवा ऊब धरते आणि घाम कातडीवर न थांबता वरच्या थरात जातो. मात्र तिच्यावर अंगासरशी दुसरा थर हवाच, नुसती जाळी आणि वर ढगळ जॅकेट म्हणजे वाऱ्याला आमंत्रण.
आणि पाठीची काळजी करताना बूड विसरू नका! मचाणाची सीट लोखंडी असेल तर ती खालून सगळी ऊब ओढून घेते, बंद पेशींच्या फोमचा तुकडा न्या, तो पाणी पीत नाही. मोजे एकावर एक कोंबून बूट घट्ट करू नका, रक्त खेळलं नाही तर लोकर काय करणार. डोक्यातून निम्मी उष्णता जाते ही भाकडकथा आहे, डोक्याचा वाटा त्याच्या आकाराएवढाच, दहा टक्क्यांच्या आसपास. तरी टोपी घाला, कान तुमचेच आहेत.

गारठलेला_गडी
वा, भरपूर मिळालं. म्हणजे चढताना १५०, नायलॉन मिक्स, चेनवाला, वर बदलायला २०० कोरडा, पायाला २५०, आणि ४०० चं सध्या बघून ठेवतो, आधी हे दोन टॉप वापरून बघू. जाळीबद्दल घरी बोलायची हिंमत होत नाहीये. धुण्याचं काय? आमचं मशीन सगळ्याला एकाच मापाने चोपतं.

सूतकताई
वूल मोड असेल तर ३० अंशाला, नसेल तर हाताने, आणि पिळायचं नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबायचं. एन्झाइमवाली पावडर नको, त्यातलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम लोकरीलाही खातं कारण लोकर प्रथिनच आहे. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच तर नकोच. ड्रायरमधे न टाकता आडवं पसरून वाळवा, तारेवर लटकवलं तर ओल्या वजनाने लांबतं. दर वेळी धुवायचीही गरज नाही, रात्रभर वाऱ्यावर टाकलं तरी वास बराचसा उडतो. हंगाम संपला की मात्र स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा. कसर घामाच्या डागांवरच आधी तुटून पडते, आणि तिची अळी बारीक मेरिनो जाड लोकरीपेक्षा आवडीने खाते असा माझा संशय आहे. शंका आली तर पिशवीसकट आठवडाभर डीप फ्रीझरमधे टाका.

पॉलीवाला
पॉलिएस्टरला कसर लागत नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.