बेस ऐकू येत नाहीये? आधी व्हॉल्यूमच्या नॉबवरून हात काढा

(ऑनलाइन धाग्यावरची चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खर्जातला

सोळा बाय बारा फुटांचं स्टेज, खरे ड्रम्स, गिटार ॲम्पवर, गायक आणि की-बोर्ड मॉनिटरवर (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर). तिसऱ्या गाण्याला बेस गिटारवाला मागे वळून व्हॉल्यूम वाढवतो. ते ऐकून गिटारवाला वाढवतो, ड्रमरचा हात जड होतो. पाचव्या गाण्याला कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही आणि हॉलमध्ये नुसती गुबगुब.

माझं मत असं की बहुतेक वेळा बेसचा आवाज कमी नसतोच, तो पोटऱ्यांना ऐकवला जात असतो. जमिनीवरच्या दोन फुटी कॅबचा (स्पीकरच्या पेटीचा) मध्य जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर, उभ्या माणसाचा कान १६० वर. एक मीटर पुढे उभं राहिलात की कान स्पीकरच्या रेषेपासून ५० अंशांहून जास्त वर जातो. खर्ज सगळीकडे पसरतो, पण कोणता सूर वाजला हे ज्यावरून कळतं तो ७०० ते ३००० हर्ट्झचा भाग नाकासमोर जातो. चार-बाय-दहा (दहा इंची चार स्पीकरच्या) कॅबमध्ये स्पीकर एकावर एक असल्यामुळे उभ्या दिशेत ७०० हर्ट्झपासूनच आवाज अरुंद होऊ लागतो. तुम्हाला हुंकार, आणि समोरच्या टेबलाला सगळे तपशील.

म्हणून कॅब मागे ३०-४० अंश कलवा, पुढच्या कडेखाली लाकडी ठोकळा घाला. किंवा क्रेटवर चढवा. एक-बाय-बाराचे दोन कॅब असतील तर शेजारी-शेजारी ठेवू नका, एकावर एक ठेवा. वरचा कानाजवळ येतो आणि आडव्या दिशेत आवाज पसरलेला राहतो. मग ईक्यू (टोनचे नॉब): २५० हर्ट्झला ३ डेसिबल कमी, ८०० ला ३ जास्त, ४० च्या खाली काट. खर्ज आणि तीव्र दोन्ही उचलून मधलं खाली पाडलेला टोन घरी एकट्याने वाजवताना झकास लागतो. बँडमध्ये त्यातला खर्ज किक ड्रम खातो, वरचं झांजा खातात आणि उरलेला खड्डा तुमचा.

एवढं करूनही कमी पडलं तर नॉब.

चारतारा

निदान बरोबर, उपाय अर्धा. कॅब कलवला की तो तुमच्याबरोबर गायकाच्या माइककडेही बघायला लागतो. गायक तुमच्या पुढे त्याच रेषेत असेल तर बेसचा मध्य भाग त्या माइकमधून पुन्हा पीएमध्ये (हॉलच्या स्पीकरमध्ये) जाणार. त्यापेक्षा लांब जा. कॅब सरळच ठेवा, तीन मीटर पुढे उभे राहा, तोच कोन २३ अंशांवर येतो. शिवाय समोरच्यांना काय ऐकू जातंय त्याचा अंदाज तुम्हालाही येतो.

एक गैरसमज इथेच संपवतो, कारण कुणीतरी काढणारच. ‘ई तारेची लाट आठ मीटरची, ती जवळ तयारच होत नाही, म्हणून लांब जायचं.’ ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरहून थोडी लांब असते हे खरं. पण ऐकू यायला अख्खी लाट खोलीत मावावी लागत नाही, नाहीतर हेडफोनमध्ये बेस लागलाच नसता. लांब गेल्यावर फरक पडतो तो कोनामुळे आणि भिंतींमुळे.

खर्जातला

बारा फूट खोलीच्या स्टेजवर ड्रमकिटची जागा सोडून तीन मीटर आणायचे कुठून, दादा? माइकचं मान्य. कॅब ड्रमरच्या हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या) बाजूला घ्या आणि थोडा आत वळवा, म्हणजे रेषा गायकावरून जात नाही. ड्रमरलाही बेस मिळतो, त्याचा मॉनिटर तेवढा हलका होतो. गायकाच्या माइकला १००-१२० हर्ट्झला लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) हवाच, कॅब कलता असो वा सरळ.

मिक्सरमागे

तुम्ही दोघं कॅब कुठे ठेवायचा यावर भांडताय. ऐंशी माणसांच्या जागेत कॅब हवाच कशाला, हा माझा प्रश्न.

स्टेजवरचा खर्ज मला मिक्सरवरून कमी करता येत नाही. ॲम्प मोठा असला की मी बेसचा फेडर खाली घेतो. मग पीएमध्ये बेस उरत नाही, हॉलमध्ये फक्त स्टेजवरून गळलेला येतो, आणि तोही मागच्या भिंतीवर आपटून. गायकाचा माइक, ड्रमवरचे ओव्हरहेड माइक, स्नेअर ड्रमचा माइक सगळे तो पितात. प्रत्येक माइकमधला बेस थोड्या वेगळ्या वेळेला पोचतो, त्याला चिखल म्हणतात.

इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) घ्या. वायरलेसही नको. बेसवाला फारसा फिरत नाही, कमरेला लावायचा वायरचा छोटा हेडफोन ॲम्प आणि पाच मीटरची केबल पुरते. बेहरिंगर एक्सआर-१८ सारख्या मिक्सरला सहा ऑक्स (मॉनिटरसाठीचे वेगळे आउटपुट) आहेत, फोनवरच्या ॲपवरून आपलं मिक्स आपण लावता येतं. ऑक्स प्री-फेडर आहे ना एवढं तपासा, नाहीतर मी हॉलसाठी फेडर हलवला की तुमच्या कानातही हलेल. मिक्समध्ये बेस सगळ्यात वर, किक त्याच्या जरा खाली, मग हाय-हॅट आणि गायक. की-बोर्डचे पॅड काढूनच टाका. आणि लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेबाहेर न जाऊ देणारा) लावल्याशिवाय कानात घालू नका. कुणी चालू चॅनलची केबल उपटली की होणारा धडाका थेट कानाच्या पडद्यावर.

पाचवी तार

प्रत्येक साउंडवाल्याला नि:शब्द स्टेज हवं असतं. त्यांची सोय, आपलं मरण.

इन-इअरमध्ये बेस टिकतो तो फक्त सीलवर. कान नीट बंद नसेल तर सगळ्यात आधी खर्ज जातो, आणि तोही थोडाथोडका नाही. घामाने टिप सरकते. बॅकिंग गाताना जबडा उघडला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि सील सुटतं, म्हणजे प्रत्येक कोरसला बेस गायब. सिलिकॉनपेक्षा फोमच्या टिप बऱ्या, पण त्या झिजतात, जादा जोड्या खिशात हव्यात. स्वस्तातल्या एका बॅलन्स्ड आर्मेचरच्या (चिमुकल्या पत्रीच्या ड्रायव्हरच्या) इन-इअरमध्ये पाच तारी बेसच्या बी तारेचे ३१ हर्ट्झ शोधत बसाल. त्या पैशात एक डायनॅमिक ड्रायव्हरवालं (आत छोटा स्पीकर असलेलं) घ्या.

मग लोक एक कान काढतात. तेच सगळ्यात वाईट. एका कानाने आवाज कमी भासतो, म्हणून त्या कानात वाढवला जातो, आणि उघड्या कानावर झांजा पडतातच.

मागच्या कॅबची हवा पॅंटला लागली पाहिजे हो! ॲम्पेगचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला तेव्हाचा आठ-बाय-दहा कॅब चार फूट उंच होता. वरचे स्पीकर छातीपर्यंत येतात, कलवायची गरजच नाही.

मिक्सरमागे

चार फूट उंच आणि ६० किलोंच्या वर. दुसऱ्या मजल्यावरच्या पबला लिफ्ट नसते हेही लिहा.

हवा हवी असेल तर स्टुलाला किंवा पायाखालच्या पाटाला बटकिकरसारखा थरथराट देणारा ट्रान्सड्यूसर लावा. अंगाला खर्ज मिळतो, माइकना मिळत नाही. सीलचा मुद्दा मान्य. पण उपाय कानाच्या मापाचे साचे करून घेणं हा आहे. ते तोंड उघडं ठेवून घेतात, दातात ठोकळा धरून, तुमच्या कोरसची काळजी तिथेच मिटते.

मंद्रसप्तक

इथे सगळे ॲम्प गृहीत धरून बोलतायत. मराठी ऑर्केस्ट्रात, नाट्यगृहात किंवा लॉनवर, बेसवाल्याला कॅब मिळतच नाही. डीआय (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी), एक लाइन आणि समोर बाराचा वेज (बारा इंची स्पीकरचा तिरका मॉनिटर), तोही ढोलकीवाल्याबरोबर वाटून. तिथे काय करायचं ते सांगते.

पहिलं, ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड यांना स्वतःचा आवाजच नाही. सगळ्यांना ते मॉनिटरमधूनच हवे असतात, त्यामुळे त्याच वेजमध्ये ऑक्टोपॅडची किक, की-बोर्डचा डावा हात आणि तुमचा बेस कोंबले जातात. बेसवाला नसतो तेव्हा डावा हातच बेस वाजवतो, आणि ती सवय सुटत नाही. तालमीतच ठरवून घ्या: बेस गिटार असेल तेव्हा डावा हात मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीपर्यंतच, म्हणजे सुमारे १३१ हर्ट्झ, त्याच्या खाली नाही. नुसतं एवढं केलं तरी मॉनिटर न वाढवता बेस स्वच्छ ऐकू येतो. दोघं एकाच सप्तकात एकच सूर जरा पुढे-मागे वाजवत असतील तर जगातला कुठलाच वेज तुम्हाला वाचवणार नाही.

दुसरं, बाराच्या वेजला खर्ज मागू नका. ८० हर्ट्झला त्याचा लो-कट लावून घ्या. खुल्या ई तारेचा मूळ ४१ गेला तरी ८२, १२३, १६५ राहतात आणि कान त्यावरून खालचा सूर स्वतःच भरून काढतो. स्पीकरचा पडदा उगाच आत-बाहेर धावत नाही, त्यामुळे तोच वेज जास्त मोठ्याने आणि स्वच्छ वाजतो. खालचं सबमधून (पीएच्या खर्जाच्या स्पीकरमधून) मागे येतंच.

तिसरं, पॅसिव्ह बेस पॅसिव्ह डीआयमध्ये घालू नका. त्याचा इनपुट साधारण दीडशे किलो-ओहमच्या आत असतो, पिकअपवर भार पडून वरचा भाग मरतो. नेमका तोच भाग आपल्याला ऐकू यायला हवा असतो. एक मेगाओहमचा ॲक्टिव्ह डीआय स्वतःचा बाळगा. तो बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालतो.

चारतारा

ताई, डाव्या हाताचा मुद्दा या अख्ख्या धाग्यात सगळ्यात कामाचा. पण ‘खालचं सबमधून मागे येतं’ यावर हरकत आहे. येतं, पण उशिरा. सब सहा मीटर पुढे असेल तर १७ मिलिसेकंदांनी. मध्य वेजमधून लगेच आणि खर्ज मागाहून, असं झालं की हात नकळत मागे ओढला जातो आणि ड्रमर ‘घसरतोयस’ म्हणतो. अशा वेळी सबकडे लक्ष न देता बोटाच्या आघातावर वाजवायची सवय लागते. २ ते ३ किलोहर्ट्झ वेजमध्ये थोडे उचलून घ्या, तार फ्रेटवर बसल्याचा टक्क ऐकू आला पाहिजे.

मंद्रसप्तक

लॉनवर सब स्टेजच्या पुढ्यात दोन मीटरवर असतात, तिथे ६ मिलिसेकंद. मोठ्या मैदानी कार्यक्रमात तुमचं बरोबर. तिथे साउंडवाल्यानं सब कार्डिऑइड लावले असतील तर मागे फारसं येतही नाही, मग वेजचा लो-कट ६० वर आणायला सांगा.

पाचवी तार

भिंतीचं कुणीच बोललं नाही. स्पीकरपासून मागची भिंत एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास थेट आवाज आणि परतलेला आवाज एकमेकांना खातात. म्हणजे डी तारेवर तिसऱ्या फ्रेटचा एफ. दीड मीटरवर असेल तर ५७, ए तारेच्या पहिल्या फ्रेटचा बी फ्लॅट. लोक म्हणतात ‘गिटारचा डेड स्पॉट आहे’. कॅब भिंतीपासून दोन फूट पुढे-मागे सरकवून तोच सूर वाजवा. बदलला तर दोष जागेचा, नाहीच बदलला तर गळ्याचा, म्हणजे गिटारच्या. कॅब भिंतीला चिकटवला की स्पीकर ते भिंत ४० सेंटीमीटर उरतं, खड्डा २१४ हर्ट्झवर जातो आणि मूळ सूर बचावतात. वर खर्जाला भिंतीचा फुकट टेकू मिळतो, तेव्हा बेसचा नॉब तेवढा खाली घ्या.

नाट्यगृहात मागे काळा पडदा असतो तो भिंत समजू नका. चार मीटरच्या लाटेला कापड दिसतसुद्धा नाही.

खर्जातला

आणि तिथलं लाकडी स्टेज खाली पोकळ असतं. कॅब थेट फळ्यांवर ठेवला की फळ्याच वाजायला लागतात, तेही एकदोन ठरावीक सुरांना. क्रेटवर चढवायचं आणखी एक कारण. क्रेटखाली दोन इंची दाट फोम घाला.

मिक्सरमागे

ॲम्पवाले ऐकतच नसतील तर निदान साउंडचेकचा क्रम तरी पाळा. आधी पीएचे मुख्य स्पीकर बंद. ड्रमर कार्यक्रमात मारणार तेवढ्याच जोराने मारेल, हळू नाही, आणि बेस त्याच्याबरोबर जेमतेम ऐकू येईल इथवर ॲम्प. मग गिटार. मग मॉनिटर. सगळ्यात शेवटी मी पीए उघडतो. तेव्हा सबचा खर्ज मागे येतो आणि स्टेजवर बेस जाड वाटायला लागतो. त्या क्षणी ॲम्पचा बेस नॉब खाली घ्यायचा, मध्य तसाच ठेवायचा. ॲम्पच्या डीआयचं बटण ‘प्री’वर (टोनच्या नॉबांच्या आधी) हवं. ‘पोस्ट’वर राहिलं की तुम्ही स्टेजसाठी काढलेला खर्ज हॉलमधूनही गायब होतो, आणि मग मी मिक्सरवर तो परत भरत बसतो.

पीएमध्ये सबच नसतील, नुसते दोन बाराचे टॉप असतील, तर मात्र मी शब्द मागे घेतो. तिथे तुमचा कॅब म्हणजेच हॉलचा बेस. तो कलवू नका, भिंतीलगत जमिनीवर राहू द्या, आणि स्वतःसाठी डीआयवरून वेगळा वेज मागा.

पाचवी तार

लिहून ठेवतो, साउंडवाल्याने ॲम्प मागितला.

मंद्रसप्तक

जनरेटरवर डीआय आणि ॲम्प दोन्ही जोडले की हम येतो, तेव्हा काही जण ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन टेप लावून बंद करतात. तसं करू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंटला परतायला तुमच्या तारा आणि गायकाचा माइक एवढीच वाट उरते. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. तरी हम राहिला तर ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या.