'ग्रॅनी'ला मराठीत आजी म्हणायचं का?

कृष्णाकाठ, सांगली
अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टीची 'अ वॉर्न पाथ' ही १९४१ ची कथा आमच्या वाचनगटासाठी मराठीत करतेय. मिसिसिपीतली फिनिक्स जॅक्सन नावाची काळी म्हातारी डिसेंबरच्या थंडीत रानातनं चालत नॅचेझला जाते, कॉस्टिक सोडा पिऊन घसा जळालेल्या नातवाचं औषध आणायला, वाटेत एक गोरा शिकारी पोरगा तिला ग्रॅनी म्हणतो, दवाखान्यातली बाई ग्रँडमा आणि नर्स आँट फिनिक्स. आजी, आजी, मावशी असं लिहिलं की सगळीच माणसं मायाळू वाटतात, काय करू? आणि प्रस्तावनेत वर्णभेद लिहू का वंशभेद?

माणदेशी
वर्णभेद. पेपरात तोच असतो.

पेठेतली मास्तरीण, सातारा
वर्ण म्हटलं की आपल्याला आधी चातुर्वर्ण्य आठवतं, म्हणून मी वंशभेद लिहीन. तसं आपल्या जातिभेदाशी नातं जोडायला हरकत नाही म्हणा, मूळच्या आपल्या कटगुणच्या घराण्यातल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलीय.

पण खरी गोम आजीत आहे. तिकडं अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक काळ्या बाईला मिसेस लावायचेच नाहीत, तरुण असली तर नुसतं नाव आणि म्हातारी झाली की आँट, म्हणजे नात्याचा शब्द मान टाळायला वापरायचा. मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीनं अलाबामातल्या कोर्टात मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही असं सांगितलं तर तिला कोर्टाच्या अवमानाची शिक्षा झाली, ती १९६४ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केली! आता हे सगळं 'आजी'त कसं मावणार. नुसतं अरेतुरे करून पण भागत नाही, आमच्याकडं सख्ख्या आजीला 'आज्जे, जेवलीस का' असंच विचारतात. म्हणून शिकाऱ्याच्या तोंडी 'ए म्हातारे' घाला आणि तिच्या तोंडी 'साहेब, तुम्ही'. तिच्यावर बंदूक रोखणाऱ्याला आजी कशाला म्हणायला लावता? नर्सचं मावशी मात्र राहू दे, आपल्या दवाखान्यांत झाडलोट करणाऱ्या बाईला पण सगळे मावशीच म्हणतात, आडनाव किती जणांना माहीत असतं?

माणदेशी
हे पटलं. मग म्हातारीच्या चालण्याला जिद्द म्हणायचं ना?

पेठेतली मास्तरीण, सातारा
नको, जिद्द कुणाला तरी दाखवायची असते. ही ठरल्या वेळेला खेपा घालते, कुणी बघो न बघो, त्याला चिकाटी म्हणा. शीर्षकात पण 'मळलेली वाट' नको हां, ती आपण सोडायचीच म्हणून सांगतो, हिची वाट हिच्याच पायानं पडलीय. 'पायवाट' बास.

कृष्णाकाठ, सांगली
'ए म्हातारे' घातलं, लगेच फरक पडला. शेवटी ती दहा सेंटचं कागदी खेळणं घ्यायचं ठरवते नातवाला, वाऱ्यावर फिरणारं, त्याला मी भिरभिरं लिहिलंय, साताऱ्याकडं काय म्हणता?