शब्दचर्चा: आनुवंशिक, जनुकीय, जन्मजात, आणि 'वाहक रुग्ण'

शिक्षिका, जुळे सोलापूर
८ मेच्या थॅलेसेमिया (रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा विकार) दिनासाठी अकरावी-बारावीच्या मुलांना देण्यासारखं एक पान मराठीत करायचंय. 'अनुवंशिक' की 'आनुवंशिक'? त्याऐवजी सरळ 'जन्मजात' लिहिलं तर? आणि एका जुन्या पत्रकात 'सुप्त वाहक रुग्ण' असं आहे, ते तसंच ठेवू का?

मराठीचे प्राध्यापक, सात रस्ता
आनुवंशिक. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो, समाज-सामाजिक तसं. पुढचं जाणकारांनी सांगावं.

अनुवंश समुपदेशक
मॅडम, 'जन्मजात' नको. तीन शब्द तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. बिघाड कशात आहे? जनुकात किंवा गुणसूत्रात असेल तर जनुकीय. कुठून आला? आईवडिलांकडून आला असेल तर आनुवंशिक. कधीपासून आहे? जन्मतःच असेल तर जन्मजात, मग कारण काहीही असो.

आता उदाहरणं लावून बघा. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला आणि बाळ मोतीबिंदू घेऊन आलं, तर ते जन्मजात आहे. आनुवंशिक अजिबात नाही. डाऊन सिंड्रोम जन्मजात आहे आणि गुणसूत्रांचाही आहे, पण सुमारे ९५ टक्के मुलांत २१ क्रमांकाचं जादा गुणसूत्र पेशीविभाजनातल्या चुकीनं येतं, घराण्यातून नाही. उरलेल्यांपैकी काही मुलांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो आणि तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. म्हणून 'डाऊन आहे' एवढ्यावर न थांबता बाळाचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करायचा. पुढच्या बाळाचा धोका त्यावर ठरतो. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार उलट: शंभर टक्के जनुकीय, बहुधा आनुवंशिक, पण लक्षणं साधारण तिशी-पन्नाशीत. कर्करोगाच्या पेशींत जनुकं बिघडलेलीच असतात, तरी आईवडिलांकडून आलेला कर्करोग ५ ते १० टक्केच.

थॅलेसेमिया मेजरचं, म्हणजे तीव्र प्रकाराचं, बाळ जन्मताना चांगलं दिसतं, कारण तेव्हा गर्भातलं हिमोग्लोबिन काम करत असतं. फिकेपणा सहा महिन्यांनंतर दिसू लागतो. 'जन्मजात' वाचलेली आई म्हणेल, माझं बाळ तर जन्मताना ठणठणीत होतं. तुम्ही 'आनुवंशिक रक्तविकार' लिहा.

प्रयोगशाळा, रक्त तपासणी विभाग
'वाहक रुग्ण' खोडा. वाहक रुग्ण नसतो. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनचं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, प्रत्येकाकडे दोन प्रती. वाहकाची एक बिघडलेली, दुसरी काम चालवते. त्याला औषध लागत नाही, रक्त चढवावं लागत नाही. वाहकाला 'मायनर' म्हणतात, त्यानेही घोळ होतो. लोक त्याचा अर्थ 'थोडा थॅलेसेमिया' असा घेतात आणि तो वाढून मेजर होईल म्हणून घाबरतात. मायनरचा मेजर कधीही होत नाही. 'सुप्त'ही त्याच कारणानं नको: झोपलेलं जागं होईल असं वाटतं. शाळेच्या पुस्तकातला 'अप्रभावी' बरा.

पानावर तपासणीचंही लिहा. साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, ८०च्या खाली, एमसीएच, म्हणजे पेशीतलं हिमोग्लोबिन, २७च्या खाली आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र चांगली असेल, तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायची. त्यात हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर गेलं तर बीटा वाहक. चुकतं कुठं? अंगात लोह कमी असेल तर ए-टू खाली येतं आणि वाहक सुटून जातो. म्हणून फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याचं माप) सोबत बघावं, गरज पडली तर लोह भरून परत तपासावं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबावं. उलटंही होतं: वाहकाला फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि हिमोग्लोबिन काही हलत नाही.

आरोग्य कार्यकर्ता, पूर्व भाग
आमच्याकडं आणखी एक शब्द आडवा येतो: सगोत्र. 'नात्यात लग्न टाळा' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'गोत्र वेगळं आहे की!' तेलुगू घरांतला मेनरिकम (आते-मामेभावंडांतलं लग्न) असो की मराठी घरातली मामाची पोरगी, गोत्र वेगळंच असणार; गोत्र बापाकडून येतं, जनुकं दोघांकडून.

अनुवंश समुपदेशक
अगदी बरोबर. आते-मामेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीत चौथा. एकाच गोत्रातल्या, पण ओळखपाळख नसलेल्या दोन घरांत सामाईक काही नसेलही. त्यामुळं पानावर 'रक्तनात्यातलं लग्न' लिहा. आकडाही द्या, नाहीतर एक तर दहशत बसते किंवा कुणी ऐकत नाही: कोणत्याही जोडप्याच्या बाळात मोठा जन्मदोष असण्याची शक्यता २-३ टक्के, सख्ख्या आते-मामेभावंडांत ती साधारण ४ ते ६. मात्र थॅलेसेमियाला नातं लागतच नाही. परक्या घरातले दोन वाहकही जुळतात.

शिक्षिका, जुळे सोलापूर
आणि 'चारात एक'? ते कसं लिहू?

अनुवंश समुपदेशक
आईवडील दोघंही वाहक असतील तर बाळ मेजर असण्याची शक्यता 'प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के' असं लिहा. 'चारात एक' वाचून पहिलं मूल मेजर निघालेलं घर म्हणतं, आता पुढचे तिघे सुटले. तसं नसतं, दर वेळी हिशेब नव्यानं. ५० टक्के शक्यता वाहक होण्याची, २५ टक्के पूर्ण मोकळं असण्याची.

प्रयोगशाळा, रक्त तपासणी विभाग
शेवटी 'गर्भजल परीक्षा' हा शब्द जपून. कायद्यानं ती बंद झाली असं अनेकांना वाटतं. १९९४च्या कायद्यानं बंदी आहे ती लिंगनिदानावर. नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमतीनं, आनुवंशिक रक्तविकारासाठी तपासणी करता येते. वारेचा नमुना ११ ते १४ आठवड्यांत, गर्भजल १५ आठवड्यांनंतर. पण त्याआधी आईवडील दोघांचाही नेमका जनुकदोष शोधावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून बाईची एचपीएलसी पहिल्याच भेटीत, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. पाचव्या महिन्यात आलेल्या जोडप्यासाठी फार कमी दिवस हातात राहतात.