टिळकांचं घर आणि आमचं माजघर (तुमचेही अनुभव येऊ द्या)

सारवण:
काल १ ऑगस्ट, लेकीचं शाळेत लोकमान्यांवर भाषण होतं. शेंगांची गोष्ट घडाघडा म्हणून आली. रात्री झोपताना मात्र विचारते, "आई, ते लहान असताना राहायचे कुठे गं?" झालं, माझी झोप उडाली.

माझं आजोळ रत्नागिरी. टिळक आळी चालत दहा मिनिटांवर. मे महिन्यात पाहुणे आले की आजोबांचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी टिळकांचं घर, दुपारी आंबे, संध्याकाळी भाट्ये बीच. प्रत्येक पाहुण्यामागे आमची वरात, त्यामुळे ते घर मी निदान दहा वेळा पाहिलं असेल. आणि दहाही वेळा कंटाळले. कारण ते आमच्याच घरासारखं! तेच उतरतं कौलारू छप्पर, तेच लाकूडकाम, तोच आतला काळोख. मामेभाऊ एकदा मोठ्याने म्हणाला, "यात बघायचंय काय?" आजोबांनी तिथेच टपली दिली.

पुढे आजोळचं घर पाडलं. आता तिथे बिल्डिंग आहे. मामाला बाल्कनीतून समुद्र दिसतो, गळक्या कौलांखाली बादल्या ठेवाव्या लागत नाहीत, तेव्हा तक्रार नाहीच. मागच्या मे महिन्यात लेकीला घेऊन टिळकांच्या घरी गेले. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत पाऊल टाकल्यावर तो गारवा. क्षणभर डोळ्यांना काहीच दिसेना, नाकात नुसता जुन्या लाकडाचा वास. मी भिंतीला तळहात टेकवून उभी राहिले तर मागून रखवालदार, "ताई, भिंतीला हात लावू नका."

तर आता लेकीला माजघर म्हणजे काय ते दाखवायचं तर टिळकांकडे जावं लागतं. तुम्ही पाहिलेली अशी घरं सांगा. टिळकांचंच हवं असं नाही.

बोका_कोकणचा:
पहिला! मी शेंगा खाल्ल्या नाहीत. डबा खाऊन येतो, मग सविस्तर.

पाचवी_ब:
सहलीला गेलो होतो. सरांनी विचारलं जन्म कधीचा, मी ताडकन २३ जुलै १८५६. सरांनी पाठ थोपटली. सरांच्या पाठीमागेच पाटी होती. आमच्यातला एक जण पूर्ण वेळ खाली वाकून टरफलं शोधत होता.

ताकपोळी:
@पाचवी_ब अरे ती वर्गातली गोष्ट, घरातली नव्हे :)) आणि दहाव्या वर्षी तर वडिलांच्या बदलीमुळे पुण्यालाच गेले ते, १८६६ साली. त्या घरात मिळून दहा वर्षं. बदलीवाल्यांची पोरं आपण, आपल्याला कळतं ते. माझ्या चार शाळा झाल्या. दर वेळी नवीन वर्गात शेवटचं बाक.

थिबाशेजारी:
रत्नागिरीला जाऊन थिबा पॅलेस टाळू नका. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आमच्या गावात आणून ठेवला आणि आमच्या गावात जन्मलेल्या माणसाला १९०८ ला नेऊन ठेवला मंडालेला, म्हणजे त्याच राजाच्या राजधानीत! टिळक १९१४ ला सुटून आले. थिबा काही परत गेला नाही, १९१६ ला इथेच वारला. आमचे बाबा हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आता मी सांगतो, बायको आत निघून जाते.

बडोद्याची_सून:
पोरबंदरला गांधीजींचं जन्मघर पाहिलंय. कीर्तिमंदिर म्हणतात, जुनं घर त्याला लागूनच. जन्माच्या जागी जमिनीवर स्वस्तिक काढलंय. सासूबाईंनी वाकून नमस्कार केला, बटव्यातून दहाची नोट काढली आणि ठेवली. तिथला माणूस म्हणाला, "बा, आ मंदिर नथी." सासूबाई म्हणाल्या, बाहेर मंदिर लिहिलंय ना, मग! नोट काही उचलली नाही. वर जायचे जिने अगदी उभे आहेत. चढल्या झोकात, उतरताना बसून उतरल्या, एकेक पायरी. मागे अख्खी सहल खोळंबली.

सारवण:
@बडोद्याची_सून हसून हसून मेले, ऑफिसात सगळे बघताहेत. सासूबाईंना नमस्कार.

भीमाकाठ:
आम्ही राजगुरुनगरचे. आजी शेवटपर्यंत खेडच म्हणायची. हुतात्मा राजगुरूंचा वाडा नदीकाठी. लहानपणी त्या बाजूने येताजाता कधी मान वळवून बघितलं नाही. यंदा मुलाला घेऊन गेलो. जन्म २४ ऑगस्ट १९०८, फाशी २३ मार्च १९३१. मी मनात वजाबाकी केली. बावीस. माझा बावीस वर्षांचा तिथे उभा होता, अजून ओला टॉवेल पलंगावर टाकतो. घरी आल्यावर टॉवेलावरून ओरडायचं होतं, त्या दिवशी नाही ओरडलो.

ताकपोळी:
@भीमाकाठ काका...

घाईत_आहे:
सगळं वाचलं नाही, कुकर लावलाय. रत्नागिरीत घरगुती राहायची सोय कुठे आहे का? आम्ही सहा जण, एक बाळ. मागच्या खेपेला एका ठिकाणी फोटोत समुद्र होता, खिडकीत पाण्याची टाकी.

थिबाशेजारी:
@घाईत_आहे व्यनि (खासगी निरोप) केला. गणपतीत येऊ नका, गणपतीत आम्हालाच आमच्या घरात जागा नसते.

रवाळ:
धागा टिळकांचा आहे माहीत आहे पण आजोळ वाचून राहवेना. सारवण, तुमची आजी घावन कसे करायची? माझे तव्याला चिकटतात.

सारवण:
@रवाळ तांदूळ जुने घ्या, पीठ ताकासारखं पातळ. तवा चांगला तापवून अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं. ओतायचं कडेकडेने, मधे शेवटी, आणि डावाने पसरायचं नाही. झाकण काढायची घाई केलीत तर चिकटणारच. आजी झाकण ठेवून तेवढ्यात मागच्या दारी जाऊन अळूची दोन पानं काढून यायची, तेवढा वेळ.

बाय द वे, लेकीचा दुसरा नंबर आला. पहिला आलेल्या मुलानेही शेंगांचीच गोष्ट सांगितली.

बोका_कोकणचा:
डबा झाला. डब्यात खरंच शेंगदाण्याची चटणी होती, आईशप्पथ.